आजारपणाचा हिशेब कोणी ठेवायचा?

केंद्राचा वा राज्याचा अर्थसंकल्प सादर झाला की दुसऱ्या दिवशीच्या चर्चेत आरोग्याच्या वाट्याला चार ओळी येतात. इतक्या कोटींची तरतूद, इतकी नवी रुग्णालये, एवढ्या वाढीव खाटा, अमुक जिल्ह्यांत वैद्यकीय महाविद्यालये. सत्ताधारी पक्ष या आकड्यांचा गौरव करतो, विरोधी पक्ष ते अपुरे आहेत असे म्हणतो, आणि चर्चा तेथेच संपते. या सर्व आकड्यांतून एक गोष्ट मात्र कधी कळत नाही. या पैशाने किती माणसे मरणाच्या दारातून परत आली आणि किती घरे कर्जाच्या दारातून परत आली, हे कोणी सांगत नाही. किती खर्च केला याचा हिशेब शासन चोख ठेवते. त्या खर्चाने काय साधले याचा हिशेब ठेवण्याची जबाबदारी जणू कोणाचीच नसते.

ही उणीव भरून काढण्याचे काम गेल्या काही दशकांत आरोग्याच्या अर्थशास्त्राने केले आहे. पैसा आणि प्राण यांची सांगड घालणे सुसंस्कृत मनाला प्रथमदर्शनी रुचत नाही. ‘माणसाच्या जिवाची किंमत काय करता?’ असा प्रश्न सहज तोंडी येतो. परंतु तिजोरी मर्यादित असेल तर एका कामावर खर्च केलेला रुपया दुसऱ्या कामातून काढून घेतलेला असतो. निवड टळत नाही. ती डोळसपणे करायची की सवयीने, दबावाने आणि उद्घाटनांच्या सोयीने करायची, एवढाच प्रश्न उरतो.

घरातली वही

मध्यमवर्गीय घरात खर्चाची वही असते. शिक्षक किंवा लिपिक महिन्याअखेरीस औषधांचा आकडा त्या वहीत लिहितो, मोठे आजारपण आले तर बिले जोडून प्रतिपूर्तीसाठी अर्ज करतो आणि मंजुरीची वाट पाहतो. ही वाट कितीही लांब असली तरी तिच्या टोकाला काही तरी मिळण्याची आशा असते. शेतमजूर बाईला ताप आला तर तिचा रोज बुडतो, तिला दवाखान्यात नेणाऱ्या नवऱ्याचाही रोज बुडतो, एस.टी.चे भाडे, डॉक्टरांची फी, बाहेरून आणायची औषधे हे सारे हातउसन्या पैशातून भागते. तिच्या घरात वही नसते. म्हणून तिचा खर्च झालाच नाही, असे मात्र नव्हे.

हा न लिहिलेला हिशेब लिहून काढण्याचे पहिले महत्त्वाचे प्रयत्न महाराष्ट्रातच झाले. १९८० च्या दशकात मुंबईच्या एका संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी जळगाव जिल्ह्यात घरोघर जाऊन आजारपणावरचा खर्च विचारला आणि १९८९ मध्ये तो अहवाल प्रसिद्ध केला. सरकारी दवाखाने असूनही लोक आपल्या खिशातून शासनाच्या खर्चाहून कितीतरी अधिक पैसा खासगी वैद्यकाकडे ओततात, असे त्यातून दिसले. ‘आपल्या देशात वैद्यकसेवा शासन पुरवते’ ही समजूत त्या दिवशी मोडायला हवी होती. ती मोडायला आणखी बरीच वर्षे लागली.

आज केंद्र शासन स्वतःच राष्ट्रीय आरोग्य लेखे प्रसिद्ध करते. त्यांनुसार २०१३-१४ मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के भार लोकांनी थेट आपल्या खिशातून उचलला होता. २०२१-२२ च्या लेख्यांत हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आलेले दिसते. ही घट स्वागतार्ह आहे. तथापि २०२१-२२ हे वर्ष महासाथीचे होते व त्या वर्षी शासकीय खर्च असाधारण वाढलेला होता, हे विसरून चालणार नाही. शिवाय खिशातील खर्चाचे अंदाज घरोघरच्या पाहण्यांवर बेतलेले असतात. पाहणीत एखाद्या वर्षी लोक रुग्णालयात कमी गेले असे दिसले, तर ते आजारी कमी पडले म्हणून की पैसे नव्हते म्हणून, हे नुसता आकडा सांगत नाही. उपचार न घेणाऱ्याचा खर्च शून्य असतो, आणि सरासरी काढताना हे शून्य शासनाच्या यशात जमा होते.

याच हिशेबाचा एक निष्कर्ष प्रत्येक लोकप्रतिनिधीने जवळ लिहून ठेवावा असा आहे. शक्तिवेल सेल्वराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०११-१२ या एका वर्षात आजारपणाच्या खर्चामुळे सुमारे साडेपाच कोटी भारतीय दारिद्र्यरेषेखाली ढकलले गेले, आणि त्यांपैकी ३ कोटी ८० लाख लोक केवळ औषधांच्या खर्चामुळे. शस्त्रक्रियेमुळे घर विकावे लागले अशा कहाण्या आपल्या कानावर येतात; रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, दम्याच्या गोळ्यांनी महिन्यामागून महिना पोखरलेल्या घराची कहाणी कोणी सांगत नाही, कारण तिच्यात सांगण्यासारखा एकही प्रसंग नसतो.

विम्याचे छत्र

रोगाचे निदान असे असेल तर धोरणाचे औषध कोणते हवे? आपल्याकडील उत्तर प्रामुख्याने विम्याचे आहे. २००८ मध्ये केंद्राने दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना वर्षाला तीस हजार रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण देणारी राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना सुरू केली. महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली, पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राने पाच लाख रुपयांचे संरक्षण देणारी प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आणली. २०२३ मध्ये आपल्या राज्यानेही मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा आणि योजना सर्व कुटुंबांना खुली करण्याचा निर्णय घेतला.

या मार्गाबद्दल संशोधन काय सांगते? त्याचे उत्तर एकसुरी नाही, आणि म्हणूनच ते उपयोगी आहे. कर्नाटकातील वाजपेयी आरोग्यश्री योजना उत्तरेकडील जिल्ह्यांत आधी सुरू झाली. योजनेच्या सीमारेषेच्या अलीकडची व पलीकडची गावे अभ्यासकांनी ताडून पाहिली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, योजनेत समाविष्ट असलेल्या आजारांनी होणारे गरिबांचे मृत्यू सुमारे ६४ टक्क्यांनी कमी आढळले. त्या योजनेत हप्ता भरायचा नव्हता, हृदयरोग व कर्करोगासारख्या मोठ्या दुखण्यांवर भर होता, आणि गावोगाव शिबिरे भरवून रुग्ण शोधले जात होते.

याउलट राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेचा कुटुंबांच्या खर्चावर काय परिणाम झाला, हे अनुप करण, विनी यिप आणि अजय महल यांनी तपासले. रुग्णालयातील उपचारांवरचा खिशातील खर्च त्या योजनेने म्हणण्यासारखा घटला, असा पुरावा त्यांना आढळला नाही. कर्नाटकातच दहा हजारांहून अधिक कुटुंबांवर झालेल्या आणखी एका प्रयोगात हे विमापत्र चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे वाटण्यात आले. लोकांनी ते उत्साहाने घेतले. परंतु अनेकांना प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा ते वापरताच आले नाही, आणि आरोग्यात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही.

विमा वाईट, असा याचा अर्थ नव्हे. कोणत्या आजारासाठी, कोणत्या रीतीने आणि कोणापर्यंत, यावर त्याचे फळ अवलंबून आहे, एवढाच त्याचा अर्थ. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात वैद्यकसेवेचा बाजार इतर बाजारांसारखा का नसतो, हे दाखवून दिले होते. आजार केव्हा येईल हे ठाऊक नसते, आणि आपल्याला काय हवे हे गिऱ्हाइकाला नव्हे तर विकणाऱ्यालाच अधिक ठाऊक असते. रुग्णाच्या हाती केवळ पैशाची हमी दिली आणि बाकी सारे बाजारावर सोपवले, तर कोणती शस्त्रक्रिया आवश्यक हे रुग्ण ठरवत नाही. योजनेत कशाचे पैसे मिळतात, त्यावरून ते ठरू लागते.

आणि मूळ दुखणे तसेच राहते. जन आरोग्य योजनेत रुग्णालयात दाखल झाल्यावरचे उपचार, त्याआधीचे तीन दिवस आणि घरी गेल्यानंतरचे पंधरा दिवस यांचा खर्च मिळतो. सोळाव्या दिवसापासूनची गोळी रुग्णाची. ज्या खर्चाने ३ कोटी ८० लाख लोक एका वर्षात दारिद्र्यात लोटले गेले, त्यातला बराचसा या छत्राबाहेर पडतो. छत्र मोठे आहे, पण पाऊस दुसऱ्या बाजूने येतो आहे.

फुकटाला किंमत नसते?

आपल्या धोरणकर्त्यांच्या आणि, खरे सांगायचे तर, आपल्या सुशिक्षित वर्गाच्या मनात एक म्हण घर करून आहे: फुकट मिळालेल्याची किंमत नसते. म्हणून दवाखान्यात थोडे तरी शुल्क असावे, म्हणजे लोक विनाकारण गर्दी करणार नाहीत, असा युक्तिवाद वर्षानुवर्षे झाला. ही गोष्ट तर्काने ठरवण्याची नसून पाहून ठरवण्याची आहे. केनियात जेसिका कोहेन आणि पास्कलिन द्युपा यांनी ती पाहिली. हिवतापापासून रक्षण करणाऱ्या औषधी मच्छरदाण्या काही केंद्रांवर गर्भवती स्त्रियांना विनामूल्य दिल्या, काही केंद्रांवर अल्प किंमत ठेवली. मूळ किमतीच्या अवघा दहावा भाग, म्हणजे ६० सेंट, आकारताच मच्छरदाणी घेणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ६० ने घसरले. विनामूल्य घेणाऱ्या स्त्रिया ती कमी वापरतात, असा काहीही पुरावा मिळाला नाही. त्या अल्प शुल्काने उधळपट्टी थांबली नाही. गरजू माणूस मात्र थांबला.

राजस्थानातील उदयपूर जिल्ह्याच्या खेड्यांतला प्रयोग याच्याही पुढे जातो. तेथे १३४ गावांपैकी काही गावांत दरमहा न चुकता लसीकरणाची शिबिरे भरवली, तर काहींत शिबिराबरोबर प्रत्येक लशीमागे एक किलो डाळ आणि सर्व लशी पूर्ण झाल्यावर जेवणाच्या थाळ्या दिल्या. कोणताही उपक्रम नसलेल्या गावांत पूर्ण लसीकरण झालेली बालके ६ टक्के होती, नियमित शिबिरांच्या गावांत १८ टक्के, आणि डाळीच्या गावांत ३९ टक्के. डाळ वाटणे ही उधळपट्टी वाटेल. हिशेब उलट निघाला. एका बालकाचे लसीकरण पूर्ण करण्याचा खर्च डाळीविना सुमारे २२०० रुपये, तर डाळीसह सुमारे ११०० रुपये पडला; कारण परिचारिकेचा पगार आणि शिबिराचा खर्च ठरलेला असतो, आणि तो अधिक बालकांत वाटला गेला. अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हे निष्कर्ष मांडले. मातांना अडाणी ठरवून त्यांचे प्रबोधन करीत बसण्यापेक्षा त्यांचा बुडणारा रोज लक्षात घेणे स्वस्त पडते, हा त्यातला बोध.

महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क केले. हा निर्णय संशोधनाच्या कौलाशी सुसंगत आहे. परंतु केसपेपर फुकट आणि औषधाची चिठ्ठी बाहेरच्या दुकानाची, अशी स्थिती असेल, तर शुल्क माफ झालेले नसते. ते फक्त दुसऱ्या खिडकीवर भरावे लागते.

गडचिरोली आणि तमिळनाडू

दुर्मीळ का होईना, संशोधन धोरणापर्यंत पोहोचल्याची उदाहरणे आहेत आणि त्यांतले सर्वांत उजळ आपल्या राज्यातले आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यात ३९ गावांत नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. गावातल्याच थोड्या शिकलेल्या स्त्रियांना बाळाचे वजन घेणे, त्याला ऊब देणे, श्वास कोंडल्यास उपाय करणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे, एवढे शिकवले. प्रयोगाच्या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण हजारी ६२ वरून पंचविशीच्या घरात आले. तुलनेच्या गावांत ते जवळजवळ होते तेथेच राहिले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मृत्यूंबरोबर खर्चही मांडला होता. दर बालकामागे खर्च होता ५.३ डॉलर, आणि अशा अठरा बालकांची काळजी घेतली की एक मृत्यू टळत होता.

हा खर्चाचा आकडाच निर्णायक ठरला असे म्हणण्यास हरकत नाही. नुसते ‘बालके वाचली’ एवढे सांगितले असते तर ‘हे निष्ठावंत डॉक्टरांना जमते, सरकारला परवडत नाही’ असे म्हणून फाईल बंद करता आली असती. आकड्याने ती पळवाट बंद केली. तरीही आशा कार्यकर्तींमार्फत ही सेवा देशभर नेण्यास २०११ उजाडले. पुरावा आणि धोरण यांच्यामधल्या त्या बारा वर्षांचा हिशेब कोणी मांडलेला नाही. तो बालकांच्या संख्येतच मांडावा लागेल.

दुसरे उदाहरण औषधांचे. तमिळनाडूने १९९४ मध्ये औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन केले. मूळ रासायनिक नावाने एकत्रित खरेदी, आधी गुणवत्तेची व मग दराची अशी दोन लिफाफ्यांची निविदा, प्रत्येक मालाची प्रयोगशाळेत तपासणी, आणि प्रत्येक रुग्णालयाला आपल्या हक्काच्या रकमेचे पासबुक, अशी ती साधी रचना. कोणत्या दवाखान्याला काय लागते हे मंत्रालय ठरवत नाही. दवाखाना आपल्या पासबुकावर माल उचलतो. राजस्थानने याच धर्तीवर २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी रुग्णालयांत मोफत औषध योजना सुरू केली. महाराष्ट्राने अशा स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा केला तो २०२३ मध्ये, म्हणजे तमिळनाडूनंतर जवळजवळ तीन दशकांनी. मधल्या काळात औषधे वेळेवर न पोहोचल्याच्या तक्रारी वारंवार झाल्या. हे ज्ञान गुप्त नव्हते; शेजारच्या खोलीत दिवा लागलेला होता, आपणच दार उघडले नाही.

हिशेबाच्या मर्यादा

असे असले तरी अर्थशास्त्राच्या हाती सारे सोपवावे, असे येथे सुचवायचे नाही. मोजमाप करणाराही एखादी पट्टी निवडतो, आणि पट्टीत मूल्ये दडलेली असतात. माणसाच्या आयुष्याचे मोल त्याच्या बुडालेल्या मिळकतीवरून काढले, तर मजुराचा जीव अधिकाऱ्याच्या जिवाहून स्वस्त ठरतो, आणि पगार न घेता घर चालवणाऱ्या स्त्रीचा तर शून्यच. जागतिक बँकेच्या १९९३ च्या अहवालाने आजारामुळे वाया गेलेली निरोगी वर्षे मोजण्याची रीत रूढ केली. तीत हा दोष बराच कमी आहे, पण एका वर्षाची तुलना दुसऱ्याशी कशी करायची हा वाद तिलाही चुकलेला नाही. खर्चाच्या मानाने लाभ कमी म्हणून दुर्गम पाड्यावरच्या रुग्णाला वगळायचे काय, याचे उत्तर गणितात नाही. ते राज्यघटनेत आणि आपल्या विवेकात शोधावे लागते.

दुसरी मर्यादा सत्तेची आहे. उदयपूरच्या त्याच परिसरात उपकेंद्रांवरील कर्मचारी जवळजवळ ४५ टक्के वेळा गैरहजर आढळले होते. मग परिचारिकांची हजेरी यंत्राने नोंदवून गैरहजेरीचा पगार कापण्याचा प्रयोग झाला. पहिले काही महिने हजेरी सुधारली. नंतर आरोग्य खात्यानेच ‘सूट दिलेले दिवस’ वाढवत नेले, आणि सोळा महिन्यांनी सुधारणेचा मागमूस राहिला नाही. संशोधन रस्ता दाखवते. चालण्याची इच्छा ते निर्माण करू शकत नाही. ती लोकमताने निर्माण करावी लागते.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत शासनाचा आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे आणि त्यातला दोन तृतीयांश किंवा अधिक भाग प्राथमिक सेवेवर खर्च करण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. महासाथीच्या वाढीव खर्चासह २०२१-२२ मध्ये हे प्रमाण १.८४ टक्के होते. अधिक पैसा हवा, याबद्दल दुमत नाही. पण पैसा वाढला की तो कोठे जाईल हे आजच ठरवायला हवे, नाही तर तो ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे जाईल; आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला आवाज नसतो.

म्हणून मागण्या साध्या आहेत. नवी योजना जाहीर करताना ती कशासाठी आणि यश कशावरून ओळखायचे, हे आधीच लिहून प्रसिद्ध करावे. जीवनदायी योजनेप्रमाणे योजना टप्प्याटप्प्याने लागू होणारच असेल, तर आधीच्या व नंतरच्या जिल्ह्यांची तुलना करण्याची ती आयती संधी आहे. ती योजना राबवणाऱ्या खात्याकडे नव्हे, स्वतंत्र अभ्यासकांकडे द्यावी आणि निष्कर्ष गैरसोयीचा असला तरी विधिमंडळापुढे ठेवावा. केंद्राने २०१७ मध्ये उपचारपद्धतींचा खर्च व लाभ तपासणारी यंत्रणा उभारली आहे. तिचे अहवाल फडताळात न राहता मराठीत नागरिकांपर्यंत यावेत. आणि रुग्णालयाबाहेरच्या नित्य औषधांना कोणत्याही आरोग्य योजनेत पहिले स्थान मिळावे.

शिक्षक, लिपिक, विद्यार्थी हा वर्ग आकडे वाचू शकतो, प्रश्न विचारू शकतो, अर्ज लिहू शकतो. आपल्या घरातील आजारपणाचा हिशेब आपण काटेकोर ठेवतो. ज्या घरात वही नाही त्या घराचा हिशेब मागणे, हे आपलेच काम आहे. पुढच्या अर्थसंकल्पाच्या दिवशी किती कोटी, हा प्रश्न जरूर विचारावा. पण तेथे न थांबता विचारावे की, गेल्या वर्षीच्या कोटींनी किती घरे वाचली? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याची सवय ज्या शासनाला लागेल, त्याचे पहिल्या प्रश्नाचे उत्तरही आपोआप सुधारेल.